‘पोलीस रिपोर्ट’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

अर्जदार

मागच्या जुलैत वडिलांच्या स्कूटरला चौकात टेम्पोने मागून ठोकलं. वडिलांचं गुडघ्यावर निभावलं, स्कूटर मात्र भंगारात गेली. विम्याच्या माणसाने फोनवर सांगितलं, ‘पोलीस रिपोर्ट जोडा.’ म्हणून ठाण्यात गेलो आणि बाकड्यावर बसून अर्ज लिहिला: ‘सदर अपघाताचा पोलीस अहवाल मिळावा ही नम्र विनंती.’ टेबलावरच्या मॅडमनी अर्ज वाचला, ‘अहवाल’भोवती निळ्या पेनाने गोल केला आणि कागद माझ्याकडे फिरवला. ‘कसला अहवाल, दादा? अहवाल आम्ही वरती पाठवतो. तुम्हाला फिर्याद पाहिजे, पंचनामा पाहिजे, का डायरीचा उतारा?’

मला तिन्हींतला फरक सांगता येईना. घरी येऊन वडिलांना विचारलं, दवाखान्यात पोलीस आले तेव्हा तुम्ही काय दिलं होतं? म्हणाले, ‘सही.’

तर प्रश्न असा: फिर्याद, तक्रार, खबर, जबाब यांत फरक काय? आणि अर्जात यातलं काय लिहायचं?

जुना हवालदार

मॅडमचं बरोबर आहे. एका ठोकरीचे कागद अनेक होतात, आणि प्रत्येकाला आपलं नाव असतं.

अपघाताचा पेशंट आला की दवाखान्यातून ठाण्याला कळवतात. ती ‘वर्दी’. ठाणे अंमलदार ती वेळ टाकून स्टेशन डायरीला घेतो. मग एक जण दवाखान्यात जातो, तुमच्या वडिलांना बोलतं करतो आणि लिहून घेतो, तो ‘जबाब’. त्याच जबाबावरून गुन्हा दाखल झाला की त्याची ‘फिर्याद’ होते, आणि वडील ‘फिर्यादी’. त्याला गु.र.नं. पडतो, म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. त्यानंतर दोन पंच घेऊन चौकात जायचं, टायरचे घासलेले डाग, काचेचे तुकडे, रस्त्याची रुंदी लिहायची. तो ‘घटनास्थळ पंचनामा’.

विम्याला बहुतेक वेळा फिर्याद आणि पंचनामा लागतो. आधी गु.र.नं. मिळवा. नंबर नसेल तर तुमचा कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे ते शोधणाऱ्यालाही कळत नाही. क्राईम रायटरला विचारा. विदर्भात असाल तर मोहरर म्हणा, तिकडे तोच शब्द चालतो.

शब्दखूळ

‘वर्दी’ हा शब्द इथे जिवंत सापडला म्हणून बरं वाटलं. मराठीत वर्दी म्हणजे बातमी पोचवणं, सूचना देणं. ‘अग्निशमन दलाला वर्दी मिळाली’ हे वाक्य अजून छापून येतं. हिंदीत वर्दी म्हणजे गणवेश. आता आपल्याकडेच ‘खाकी वर्दीतला माणूस’ इतकं रुळलंय की ‘वर्दी दिली’ म्हटलं तर पोरांना वाटतं कुणाला तरी कपडे दिले.

‘मोहरर’ अरबीतून आलेला, मूळ अर्थ लिहिणारा. म्हणजे मोहरर आणि रायटर एकच, फक्त भाषा वेगळ्या.

मूळ प्रश्नातल्या दोन शब्दांचं कूळ गमतीचं आहे. ‘फिर्याद’ फारसी, मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक, आक्रोश. ‘तक्रार’ अरबी, मूळ अर्थ पुन्हापुन्हा करणं किंवा म्हणणं. उर्दूत तकरार म्हणजे बाचाबाची झाली, आपल्याकडे गाऱ्हाणं झालं. एकदा ओरडलं तर फिर्याद, रोज तेच सांगत बसलं तर तक्रार! (ही माझी व्युत्पत्ती नव्हे, माझा अनुभव. सोसायटीच्या पाण्याबद्दल.)

वकिलाकडचा कारकून

हवालदारसाहेबांना नमस्कार, पण एक दुरुस्ती. ठाण्यातल्या बोलीत फिर्याद म्हणजे एफआयआर हे खरं. कोर्टात आलात की फिर्याद म्हणजे थेट दंडाधिकाऱ्याकडे केलेलं गाऱ्हाणं, म्हणजे ज्याला इंग्रजीत कम्प्लेंट म्हणतात ते. आमच्याकडे ‘खाजगी फिर्याद’ रोज दाखल होते, तिचा ठाण्याशी संबंध नसतो. म्हणून अर्जात नुसतं ‘फिर्याद’ लिहू नका. ‘प्रथम खबर अहवाल’, म्हणजे एफआयआर, असं लिहा आणि पुढे गु.र.नं. टाका.

आणि ‘पोलीस रिपोर्ट’ तर चक्क कायद्यातला शब्द आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या व्याख्येत पोलीस रिपोर्ट म्हणजे कलम १९३खाली तपास संपल्यावर पोलिसांनी दंडाधिकाऱ्याकडे पाठवलेला अहवाल. आपण ज्याला दोषारोपपत्र म्हणतो ते बहुतेक. म्हणजे तुमच्या मॅडम ‘अहवाल वरती जातो’ म्हणाल्या ते कायद्याला धरून होतं. तुम्ही स्कूटरच्या विम्यासाठी नकळत दोषारोपपत्र मागत होता.

दुसरं म्हणजे, वडील फिर्यादी असतील तर एफआयआरची प्रत त्यांना लगेच आणि फुकट मिळायला हवी होती. जुन्या संहितेत कलम १५४, नव्या संहितेत कलम १७३. नव्यात ‘खबर देणारा किंवा पीडित’ असं आहे, म्हणजे खबर दुसऱ्याने दिली असती तरी जखमी माणसाला प्रत मागता येते. सही केली की तिथेच प्रत मागायची. नंतर मागायला गेलं की अर्ज आला, अर्ज आला की शब्द आले.

अर्जदार

मग ‘एनसी’ काय असते? शेजारच्या काकांनी त्यांच्या भांडणाची ‘एनसी केली’ म्हणून सांगितलं आणि त्यांना तासाभरात कागद मिळाला.

जुना हवालदार

एनसी म्हणजे अदखलपात्र. शिवीगाळ, साधी धमकी असली प्रकरणं. रजिस्टरला सार लिहायचं आणि दंडाधिकाऱ्याकडे जा म्हणून सांगायचं. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय आम्हाला त्यात तपास करता येत नाही. लोकांना वाटतं कागद मिळाला म्हणजे गुन्हा दाखल झाला. काकांना हळूच सांगा.

शब्दखूळ

‘गुन्हा दाखल’ आणि ‘अदखलपात्र’, दोन्हींच्या पोटात एकच अरबी धातू आहे, आत शिरणं. दाखल म्हणजे आत घेतलेला, दखल म्हणजे आत हात घालणं. म्हणजे अदखलपात्र प्रकरण रजिस्टरमध्ये दाखल होतं, पण पोलीस त्यात दखल देत नाहीत! आणि शब्दाची बांधणी पाहा: ‘अ’ संस्कृत, ‘दखल’ अरबी, ‘पात्र’ पुन्हा संस्कृत. भाषाशुद्धीवाल्यांच्या तावडीतून हा कसा सुटला कोण जाणे. मला विचाराल तर ‘दखलपात्र’ हा ‘संज्ञेय’पेक्षा शंभर पटींनी चांगला शब्द आहे. हिंदीतला ‘संज्ञेय अपराध’ ऐकून कोणाला काय कळतं?

‘गुन्हा’चंही तसंच. हिंदी-उर्दूत गुनाह म्हणजे पापही. आपण त्यातलं पाप गाळलं आणि कलम ठेवलं.

म्हापशेकर

आमच्या गोव्यातल्या मराठी पेपरांत ‘पोलीस स्थानक’ असतं, ‘ठाणे’ क्वचित. मुंबईचे पाहुणे विचारतात, स्थानक म्हणजे रेल्वेचं का? मूळ दोन्हींचं ‘स्थान’च. अर्ज करताना मात्र कोणीच स्थानक म्हणत नाही. ‘स्टेशनार वचून येतां’ म्हणायचं आणि जायचं.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत आहे. इथे मूळ प्रश्नातला गोंधळ उलटा होतो. आमच्याकडे ‘इन्सिडेंट रिपोर्ट’ खरोखर एकच कागद असतो: पोलिसाला बोलावलं, तो आला, त्याने लिहिलं. गुन्हा असो वा नसो. माझ्या गाडीची काच फुटली तेव्हा गावाच्या संकेतस्थळावर फॉर्म भरला. राज्याच्या ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली साधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फॉर्ममध्ये तारीख, वेळ, रस्ता आणि केस नंबर. कुठेही ‘नम्र विनंती’ नाही.

आईला फोनवर सांगितलं, ‘रिपोर्ट मिळाला.’ ती घाबरलीच. ‘तुझ्यावर एफआयआर झाली?’ तेव्हापासून घरी मी ‘पोलिसांची नोंद’ म्हणतो. मला वाटतं इन्सिडेंट रिपोर्टला ‘नोंद’ हाच शब्द जवळचा. आरोप नाही, फक्त लिहून ठेवलंय.

पब्लिक रेकॉर्डला काय म्हणायचं?

शब्दखूळ

सरकारी शब्द ‘सार्वजनिक अभिलेख’. अभिलेख म्हणजे मुळात कोरलेला लेख, दगडावरचा किंवा ताम्रपटावरचा. भूमी अभिलेख कार्यालयाने त्याला कागदावर आणलं. बोलताना ‘दप्तर’ चांगलं होतं, पण ते शाळेतल्या पोरांनी पाठीवर नेलं. ‘नोंद’ला माझाही पाठिंबा.

माहितीवाला

अर्जाच्या शब्दांवरून थोडं. लोक सगळ्यालाच ‘आरटीआय टाकतो’ म्हणतात. स्वतः फिर्यादी असाल तर माहिती अधिकाराची गरजच नाही, साधा अर्ज पुरतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६मध्ये सांगितलंय की एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा, अडचण असेल तिथे ४८, फारच दुर्गम असेल तर ७२. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळून. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून आधी शोधा. निम्म्या लोकांचा हेलपाटा वाचेल.

पंचनामा तिथे नसतो. तो साध्या अर्जाने मिळाला नाही तरच माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ या नमुन्यात अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. त्यात ‘टेम्पोवाल्याला अजून अटक का नाही?’ असं लिहिलंत तर शब्द वाया. कायदा असलेला कागद देतो, ‘का’चं उत्तर देत नाही. ‘तपास चालू आहे’ म्हणून नाकारलं तर कलम ८(१)(ज)चा आधार घेतलेला असतो. नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने त्यात अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७मध्येच म्हटलंय. अपिलात हे वाक्य लिहा.

आणि ‘माहिती मिळावी’ लिहू नका, ‘प्रत मिळावी’ लिहा. ‘माहिती’ला दोन ओळींचं पत्र येतं.

अर्जदार

प्रत, सत्यप्रत, प्रमाणित प्रत, नक्कल, छायांकित प्रत... यातली कोणती?

वकिलाकडचा कारकून

छायांकित म्हणजे झेरॉक्स. सत्यप्रत म्हणजे मूळ कागद पाहून कोणीतरी ‘बरोबर आहे’ म्हणून सही केलेली. प्रमाणित प्रत म्हणजे ज्याच्या ताब्यात मूळ कागद आहे त्याच कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेली, आणि पुराव्यात चालते ती हीच. विम्याला आणि अपघात दाव्याला प्रमाणित मागा. नक्कल म्हणजे तेच, जुनं नाव. आमच्या कोर्टात अजून ‘नकलेचा अर्ज’ म्हणतात.

शब्दखूळ

आणि जुन्या सातबाऱ्याच्या तळाशी असायचं ते ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’! नक्कल, आणि तीही खरी. बरहुकूम म्हणजे हुकमाप्रमाणे, इथे मुळाप्रमाणे. आता नक्कल म्हटलं की लोकांना नकलाकार आठवतो. माझ्या आजोबांच्या तोंडी ‘नक्कल काढून आण’ म्हणजे तहसीलला जा.

अर्जदार

सगळ्यांचे आभार. संकेतस्थळावर गु.र.नं. सापडला. नवा अर्ज असा लिहिला:

‘गु.र.नं. अमुक, दिनांक अमुक, या गुन्ह्यातील प्रथम खबर अहवाल व घटनास्थळ पंचनामा यांची प्रत्येकी एक प्रमाणित प्रत विमा दाव्यासाठी मिळावी. फिर्यादी माझे वडील असून त्यांचे संमतीपत्र सोबत जोडले आहे.’

त्याच मॅडम होत्या. वाचला, पेन उचललं, मला धडकी भरली. पण गोल केला नाही, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर टाकून पोच दिली. चौथ्या दिवशी दोन्ही कागद हातात.

एफआयआरच्या डोक्यावर ‘एकीकृत अन्वेषण फॉर्म’ छापलंय, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल. रात्री वडिलांना ‘प्रथम खबर हकिगत’ वाचून दाखवली. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहण्यास असून... माझे पाठीमागून एक टेम्पो भरधाव वेगात, हयगयीने चालवून...’

वडील ऐकत होते. मग म्हणाले, ‘मी एवढंच म्हणालो होतो की मेल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. ते लिहिलंय का बघ.’

दोन्ही कागद तीनदा वाचले. हॉर्न कुठेच नाही.