मदत हवी आहे: उपकेंद्रात नर्स टिकावी म्हणून पंचायत काय करू शकते?
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावची. आमच्या उपकेंद्रातली नर्सबाई बदलून गेली, तेव्हापासून शेजारची नर्स आठवड्यातून एकदा येते. आली की बाळांचं लसीकरण, गरोदर बायकांचं वजन, म्हाताऱ्यांचं बीपी आणि वर रजिस्टरं, सगळं एकाच टेबलावर. तिचा काडीचा दोष नाही, पण बाकीचे दिवस पेशंटांना तालुक्याच्या गावी, वाळपईला जावं लागतं.

भरती सरकारच्या हातात आहे, हे ठाऊक आहे. पण घटनेच्या ११व्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत प्राथमिक आरोग्य केंद्रंही आहेत. म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचाय. नुसतं 'जागा भरा' लिहिलं तर कागद फायलीत पडून राहतो.

कुणाच्या पंचायतीने नर्सला राहायला खोली किंवा येण्याजाण्याची सोय करून दिली आहे का? वित्त आयोगाच्या निधीत हा खर्च बसतो का? गावातल्या मुलीला नर्सिंग शिकायला मदत करून, काही वर्षं इथेच काम करण्याची अट घालता येते का? मला खोलीचाच मार्ग खरा वाटतो. बाहेरून आलेली मुलगी भाड्याला आणि बसच्या हालांना कंटाळूनच बदली मागते. कुणाकडे ठरावाचा नमुना असेल तर कृपया इथे टाका.