अनुभव धागा: आयर्लंडचा किनारा, खाजगी गाइड आणि एकच दिवस

सईची_आई

ओळखीतल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, आयर्लंडला आईबाबांना घेऊन जातोय, किनाऱ्याचा एक दिवस खाजगी गाइड घेऊन करावा की सरळ कोच टूर घ्यावी? म्हणून म्हटलं एकदा धागाच काढू. किनारा उत्तरेचा असो दक्षिणेचा असो, केलं असेल तर लिहा, चांगलं वाईट दोन्ही. माझं आधी सांगते.

आम्ही बेलफास्टहून उत्तर आयर्लंडमधला अँट्रिमचा किनारा केला. कॉजवे कोस्टल रूट म्हणतात तो, बेलफास्ट ते डेरी शहर असा आहे पण एका दिवसात सगळा उरकायच्या नादी लागू नका, नुसती गाडीच होते. आम्ही पाच जण, त्यात सासूबाईंचे गुडघे. गाइडकाका (साठीचे असतील, आधी शाळेत शिकवायचे) सकाळी साडेसातला हॉटेलखाली हजर आणि पहिलं वाक्य काय तर तुम्ही पाठवलेला प्लॅन मी उलटा करणार. म्हणजे आधी मोटरवेने थेट जायंट्स कॉजवे (समुद्राकाठचे ते उभे दगडी खांब), दीड तासाच्या आत, आणि मग परत येताना किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत. नवऱ्याला वाटलं काकांना लवकर घरी जायचं असेल 😀 पण कारणं ऐकली तर पटतात. एक तर कोच बसेस वाटेतले स्टॉप घेत घेत दुपारच्या आसपास कॉजवेला पोचतात आणि मग त्या खांबांवर पाय ठेवायला जागा नसते. दुसरं म्हणजे तिकडे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे दक्षिणेकडे परत येताना समुद्र डाव्या हाताला, अगदी खिडकीशी, आणि मध्येच थांबायचं झालं तर समोरून येणारी लेन ओलांडायची गरज नाही. हे मला नकाशा बघून कधी सुचलं नसतं.

नऊच्या सुमारास पोचलो तर मोजून दहा-बारा माणसं होती. खाली दगडांपर्यंत शटल बस असते, सासूबाई तिने गेल्या आल्या, चढ चांगलाच आहे त्यामुळे ज्येष्ठ असतील तर चालायचा हट्ट करू नका. आणि हो, दगडांवर जायला तिकीट नाही, पैसे पार्किंग आणि व्हिजिटर सेंटरचे.

परतीच्या वाटेवर बॅलिनटॉयचं छोटं बंदर, मग कॅरिक-अ-रीडचा दोरखंडाचा पूल. सामन पकडणाऱ्या कोळ्यांनी तिथे पूल बांधायला सुरुवात केली ती १७५५ च्या सुमारास, आता जो आहे तो अर्थातच नवा आणि मजबूत, वीस मीटर लांब आणि खाली तीस मीटरवर पाणी. तिकीट वेळेचं असतं आणि आधी काढावं लागतं, वारा जास्त असेल तर बंद. आम्हाला मिळाला. सई दोनदा जाऊन आली, मी एकदाच आणि तेही खाली न बघता.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो मात्र कुठला स्पॉट नाहीच, कुशेंडॉल ते ग्लेनार्मचा रस्ता. डोंगर वर काळा बेसाल्ट आणि खाली पांढराशुभ्र चॉक, आणि त्याच्या पायाशी समुद्राला चिकटून रस्ता. १८३० च्या दशकात विल्यम बाल्ड नावाच्या इंजिनियरने कडा सुरुंगाने फोडून तोच दगड खाली किनाऱ्यावर भरून हा रस्ता काढला. त्याआधी इथल्या दऱ्यांमधल्या लोकांना बेलफास्टपेक्षा होडीने स्कॉटलंड गाठणं सोपं पडायचं म्हणे, आणि स्कॉटलंड समोर दिसतंच, हवा स्वच्छ असेल तर घरंसुद्धा. कोच बसेस वेळ वाचवायला बहुतेकदा एक बाजू मोटरवेनेच करतात आणि कुठली बाजू ते आपल्या हातात नसतं. माझ्या मते खाजगी गाइडचे पैसे ह्यासाठी द्यायचे, कुठे किती वेळ थांबायचं आणि दिवस कुठून सुरू करायचा हे आपल्या हातात येतं. बाकी माहिती काय, गूगलवर असतेच.

गिलबर्टवाला

मी अंधेरीत वाढलो त्यामुळे जायंट्स कॉजवे बघून पहिली प्रतिक्रिया "अरे हे तर आपलंच" अशी झाली. गिलबर्ट हिल आठवा, गावदेवीचं देऊळ वर आणि खाली चारी बाजूंनी बिल्डिंगा, तिचेही असेच उभे खांब आहेत आणि उंचीला कॉजवेच्या खांबांपेक्षा कितीतरी जास्त, साठेक मीटर. लाव्हा थंड होताना आकसतो, वरून आणि खालून भेगा पडत आत सरकतात, आणि आकसण्याचा ताण सगळीकडे सारखा असला की भेगा साधारण षटकोनात बसतात. सगळे षटकोनी नाहीत हां, पाच बाजूंचे, सात बाजूंचे भरपूर आहेत, मुलांना मोजायला लावा, अर्धा तास शांतता मिळते. आपला दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला सहा कोटींच्या आसपास, उत्तर अटलांटिक उघडत होता तेव्हाचा. म्हणजे नातं लावायचं तर लाव्हा एक नाही, रीत एक.

आमच्या गाइडबाईंनी भूगोल पंधरा मिनिटांत आटोपला आणि मग फिन मॅककूल राक्षसाची गोष्ट रंगवून सांगितली. स्कॉटलंडच्या राक्षसाशी भांडायला त्याने समुद्रात हा रस्ता बांधला, पण समोरचा फारच मोठा निघाला म्हणून बायकोने फिनला बाळासारखं दुपट्यात गुंडाळून झोपवलं, आणि तो बेनँडॉनर बाळ बघून घाबरला की बाळ एवढं तर बाप केवढा, आणि पळताना रस्ता उखडत गेला. पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरही अगदी असेच खांब आहेत, म्हणजे गोष्ट रचणाऱ्याचं निरीक्षण पक्कं होतं.

एक विनंती, खांबांच्या फटीत नाणी खुपसू नका. लोक प्रेमाबिमासाठी खुपसतात, ती गंजून फुगतात आणि दगडाचे टवके निघतात, वर गंजाचे ओघळ. २०२५ मध्ये नॅशनल ट्रस्टला (ही जागा सांभाळणारी संस्था) जाहीर सांगावं लागलं की बाबांनो थांबवा. आपल्या ग्रुपमधलेच एक काका खिशात हात घालत होते, बाईंनी ज्या नजरेने बघितलं ना!

डब्लिनचा_भाडेकरू

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण दरवर्षी कोणीतरी ह्यात अडकतं. जायंट्स कॉजवे, बेलफास्ट हे सगळं उत्तर आयर्लंड, म्हणजे युके. डब्लिनहून जाताना वाटेत चौकी नाही काही नाही, फक्त किलोमीटरचे मैल होतात आणि युरोचे पौंड, पण भारतीय पासपोर्टवाल्याला युकेचा व्हिसा लागतोच. आयरिश रेसिडेन्स कार्ड असलं तरी लागतो. "कोणी विचारत नाही" हे मला ऑफिसात दहा जणांनी सांगितलं, पण बसमध्ये तपासणी होते कधीकधी आणि इमिग्रेशनच्या रेकॉर्डवर असला डाग कशाला. पर्यटक म्हणून येणाऱ्यांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे, एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं, पण व्हिसावर तसा शिक्का आहे का बघा आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरा.

तर आमच्याकडे युकेचा व्हिसा नव्हता म्हणून आईबाबांना पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर काउंटीत नेलं, मोहरचे समुद्रकडे बघायला. डब्लिनहून एका दिवसात जाऊन येऊन सहा तासांच्या वर गाडीतच जातात, बाबा वैतागले असते, म्हणून ट्रेनने गॉलवे, रात्री मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच गाइड घेतला. हा माणूस आधी बरेनला घेऊन गेला. बरेन म्हणजे मैलोनमैल उघडा चुनखडक, भेगाभेगांतून फुलं, क्रॉमवेलच्या (सतराव्या शतकात आयर्लंडवर चालून आलेला इंग्रज) एका सेनापतीने लिहून ठेवलंय की इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही (लोक फिरायला जाऊन काय काय नोंदवतात!). पुलनाब्रोनचं दगडी थडगं बघितलं, पाच हजार वर्षांहून जुनं. कडे शेवटी ठेवले, साडेचारनंतर, तोवर बसेस निघालेल्या. सर्वात उंच ठिकाणी २१४ मीटर, सरळ खाली. मे महिना होता, पफिन पक्षी दिसले पण ठिपक्याएवढे, दुर्बीण न्या. २०२४ पासून कड्यावरच्या पायवाटेचे काही भाग धोक्यामुळे बंद आहेत, जुने ब्लॉग वाचून डूलिनहून चालत निघू नका.

संत्रानगरी

भाऊ सगळे चांगलंच लिहून राहिले, मी थोडं वाईट लिहितो. आम्ही "प्रायव्हेट गाइडेड टूर" म्हणून बुक केली, कंपनीचं नाव जाऊ द्या, आणि आला तो नुसता ड्रायव्हर. भला माणूस, गाडी मस्त चालवली, पण डनलूस कॅसलसमोर उभं राहून मी विचारलं हे कोणाचं होतं तर म्हणे ओल्ड, व्हेरी ओल्ड. तेवढं तर मलेही दिसून राहिलं होतं! मॅकडॉनेल घराण्याचा किल्ला आहे, १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं जिरोना जहाज ह्याच किनाऱ्यावर फुटलं, त्यातलं सोनंनाणं आता बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे, हे सगळं मी रात्री हॉटेलवर वाचलं.

म्हणून बुक करताना स्पष्ट विचारा, ड्रायव्हर-गाइड आहे की फक्त गाडी. उत्तर आयर्लंडमध्ये ब्लू बॅजवाले गाइड असतात, परीक्षा देऊन झालेले. रेट गाडीचा असतो, माणशी नाही, त्यामुळे दोघंच असाल तर खिसा फाटते, पाच-सहा जण असाल तर जमते. पार्किंग, तिकिटं, गाइडचं जेवण त्यात आहे का तेही लेखी घ्या.

आणि डार्क हेजेसच्या फार मागे लागू नका. १७७५ च्या आसपास लावलेली बीचची झाडं आहेत, त्या ड्रॅगनवाल्या मालिकेनंतर (गेम ऑफ थ्रोन्स) गर्दीच गर्दी, वादळात बरीच पडली, काही २०२३ मध्ये धोकादायक म्हणून पाडली. फोटोतल्यासारखी कमान आता तशी उरली नाही.

बसनेच_जाते

मी एकटी जाणारी, मला खाजगी गाइड परवडत नाही आणि खरं सांगायचं तर नकोही असतो, दिवसभर कोणाशी तरी बोलत राहायचं म्हणजे शिक्षाच. बेलफास्टहून ट्रेनने कोलरेन आणि तिथून कॉजवे रॅम्बलर बस, बुशमिल्स, कॉजवे, कॅरिक-अ-रीड सगळं करते. वेळापत्रक आधी बघा, सीझनबाहेर फेऱ्या कमी होतात. एकच मान्य करते, सईच्या आईने लिहिलेला तो पूर्वेकडचा रस्ता असा होत नाही, तो राहूनच गेलाय माझा.

कोल्हापूरकर_कॉर्कात

दक्षिणेचं कोणी लिहिना म्हणून मीच लिहितो. डिंगलचा स्ली हेड ड्राइव्ह, म्हणजे तिथल्या टोकाला वळसा घालणारा रस्ता. लांबीला लई नाही, पन्नासेक किलोमीटरच्या आत, पण रस्ता असा की समोरून बस आली तर एकाने मागं जायचं. म्हणून सगळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतात, कोच तर त्याच दिशेनं, आणि तिथंबी समुद्र डाव्या हातालाच पडतो बघा. स्वतः गाडी चालवणाऱ्याला मात्र समुद्र दिसतच नाही, नुसता रस्ता आणि घाम. त्यासाठी तरी गाइड घ्या राव.

आमचा गाइड तिथलाच, घरात आयरिश बोलणारा. गॅलरसचं छोटं दगडी प्रार्थनाघर दाखवलं, चुना नाही मातीचा गिलावा नाही, नुसते दगड एकावर एक रचलेले आणि आत अजून थेंब गळत नाही. पन्हाळ्याच्या बाजूला दगडी गडगे घालणारी माणसं बघितल्यात मी, तरी तोंडात बोट. पुढं डनक्विनवरून ब्लास्केट बेटं दिसतात. १९५३ मध्ये सरकारनं उरलेली माणसं तिथून हलवली, तरणी पोरं आधीच अमेरिकेला गेलेली, राहिलेल्यांना वादळात ना डॉक्टर ना भाकरी. गाइड म्हणाला आमच्या गावात त्यातली काही घरं आली, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही, आम्हीपण नाही विचारलं. आईनं विचारलं मात्र, बेटावर देऊळ होतं का. चर्च नव्हतं म्हणाला, प्रार्थनेला होडीनं इकडं यायचे.

गोडाशिवाय_नाही

खाण्याचं कोणीच लिहिलं नाही! शाकाहारी असाल तर गाइडला आदल्या दिवशी मेसेज करा, आमच्या गाइडने बॅलिकॅसलला एका कॅफेत आधीच फोन करून ठेवला होता, भाज्यांचं गरम सूप आणि व्हीटन ब्रेड, वर लोणी, आजेसासूबाई चक्क दोनदा मागून जेवल्या. चाउडर मागवू नका, त्यात मासे असतात. बॅलिकॅसलला यलोमॅन नावाची पिवळी कडक टॉफी मिळते आणि डल्स म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, ऑगस्टच्या शेवटी तिथे लॅमस फेअर भरते तिची ही खासियत. डल्स शाकाहारी आहे हे पटवल्यावर आजेसासूबाईंनी तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, समुद्राला मीठ जास्त झालंय.

गाडी लागत असेल तर टॉर हेडचा रस्ता नको म्हणून सांगा, वळणं आणि चढउतार पोट ढवळून काढतात, मुख्य रस्त्याने न्यायला सांगितलं तर गाइड नेतात. उरलेले पौंड बेलफास्टलाच संपवा, तिथल्या बँकांच्या स्वतःच्या नोटा असतात, लंडनला दुकानदार उलटसुलट करून बघत बसतात.

पाऊसपाणी

आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत जातोय, दोन लहान मुलं, बेलफास्टला मुक्काम. करावं का?

सईची_आई

@पाऊसपाणी, करा पण प्लॅन अर्धा करा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारला अंधार, त्यात सकाळीही साडेआठनंतरच धड दिसायला लागतं. कॉजवे आधी, मग बॅलिकॅसलला जेवण आणि दोनच्या आत किनाऱ्याच्या रस्त्याला लागा, पूल वाऱ्यामुळे बंद असला तर हळहळू नका. मुलांच्या कार सीट किती आणि कुठल्या वयाच्या ते बुकिंगलाच सांगा, ऐनवेळी गाइडकडे नसतात. आणि त्या रस्त्यावर दरड किंवा चिखल सरकून मध्येच बंद होतं पावसाळी दिवसांत, त्यामुळे आदल्या रात्री गाइडला विचारून घ्या.