कोल्हापुरी गुळाला जीआय मिळून काय फरक पडला?

गुऱ्हाळवाला, करवीर
आमच्या गुळाला 2014 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं; हे नाव फक्त या भागातल्या मालालाच लावायचं. हारतुरे झाले, फोटो आले. आता मार्केट यार्डात सौद्याला उभं राहून बघा. रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, तुकडा काढतात, रंग बघतात, बोली सुरू. पिवळाधमक असला की दर चढतो, चॉकलेटी असला की पडतो. काहिलीत भेंडीचं पाणी घालून मळी काढली का रंग उजळायचं रसायन, हायड्रॉस, मारलं, कोण इचारतंय? वर कर्नाटकातला गूळ 'कोल्हापुरी' म्हणून खपतो. पेटीवर नाव छापणाऱ्या व्यापाऱ्याचं साधलं, चुलवाणापुढं भाजणाऱ्याचं काय?

वकील, ताराबाई पार्क
दादा, उत्पादकानं 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. ती झाली की खोटं नाव लावणाऱ्यावर दावा लावायचा हक्क 1999 च्या जीआय कायद्यानं तुम्हालाही मिळतो. इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, त्याचं बघा. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयानं जनहित याचिका फेटाळली, कारण याचिका करणारे कोल्हापुरी चपलेच्या मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते.

गुऱ्हाळवाला, करवीर
प्राडानं 'कोल्हापुरी' म्हटलंच कुठं होतं? नुसतं लेदर सँडल. मानांकन नाव राखतं, चपलेचा घाट नाही. आणि दाव्याची फी कोण भरणार, तुम्ही?

आजऱ्याची सून
माझं मत वेगळं. आमच्या घनसाळ तांदळाला 2016 ला मानांकन मिळालं. भात उंच वाढतं, वाऱ्यानं लोळतं, उतारा कमी. सासरे म्हणायचे, सुधारित वाण लावा, चार पोती जास्त येतील. पण आता पुण्याची गिऱ्हाइकं नाव घेऊन मागतात, म्हणून दोन वाफे टिकून आहेत.

पुणेकर (मूळ गडहिंग्लज)
नाव घेऊनच मागतो हो. घरी पिशवी फोडली की वासच नाही!

वकील, ताराबाई पार्क
तेच म्हणतोय, तपासणी हवी. इटलीत पार्मिजानो चीजचा प्रत्येक गड्डा निदान 12 महिने मुरवतात, मग उत्पादकांच्या संघाचा माणूस हातोडीनं ठोकून बघतो. नापास झाला की त्याच्यावरची नावाची खूण खरवडून टाकतात. आपल्याकडं सौद्याआधी हायड्रॉस तपासायला काय हरकत आहे? पण ते मागायला नोंद केलेले गुऱ्हाळवाले एकत्र पाहिजेत.

गुऱ्हाळवाला, करवीर
आधी सौद्यावर तपासणारा बसवा. फॉर्म मग भरतो.