सायकलचा दिवा, बॅटरी आणि थंडी: आपापले अनुभव सांगा

पहाटफेरी
काल पहाटे आरेतून जाताना बोटं गार पडली. दिव्याला काही झालं नाही, सोळा-सतरा अंशांत होतही नाही. पण गारठलेल्या बोटांवरून सर्चू आठवलं. मनाली-लेह सायकलवर, मुक्काम चार हजार मीटरच्या वर. सगळ्यांचे दिवे रात्रभर तंबूबाहेर सायकलींना लावलेले. अंधारात निघायचं म्हणून बटण दाबलं तर जरासा उजेड, मग लाल ठिपका, मग काहीच नाही. संध्याकाळीच फुल चार्ज केलेला!
आमच्यातल्या एका वायरमनने सेल काढून जॅकेटच्या आत, काखेत धरला. म्हणाला, चहा होऊ दे. चहा झाल्यावर तोच सेल घातला आणि उजाडेपर्यंत दिवा चालला. बाकीच्यांनीही मुकाट्याने काखा वर केल्या.
तुमचे अनुभव लिहा. लडाखच हवं असं नाही, कसारा घाटही चालेल. "मुंबईत थंडी असते का" हा विनोद कृपया नको.

निफाडची_द्राक्षं
मुंबईत थंडी असते का?

पहाटफेरी
आलातच का!

जुना_दादरकर
असते की. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश होतं, तो विक्रम अजून तसाच आहे. मी शाळेत होतो. वडिलांच्या सायकलला बॅटरी नव्हतीच, टायरला घासणारा डायनामो, ६ व्होल्ट ३ वॉटचा. त्याला थंडीबिंडी कळत नसे, फक्त पाय कळत. थांबलात की अंधार. चौकात नेमका हवालदार उभा आणि आपण थांबलेले, म्हणजे दिवा बंद! मग चाक उचलून पेडल हाताने फिरवून दाखवायचं, "साहेब, लागतो बघा". ऐकलं नाही तर चाकातली हवा जायची.

व्होल्टमीटर
लोकलमध्ये उभ्याने टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळा. लिथियम-आयन सेलमधलं द्रावण थंडीत घट्ट होतं, आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाचं होतं तसं काहीसं. आयन हळू सरकतात, आतला रोध वाढतो. दिव्याने जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि सर्किटला वाटतं सेल संपला, ते दिवा बंद करतं. चार्ज कुठे गेलेला नसतो, ऊब मिळाली की परत येतो. म्हणून काख चालली. काख नसेल तर दिवा मंद मोडवर टाका, कमी करंटला व्होल्टेज तग धरतं.
जास्त महत्त्वाचं: शून्याखाली गेलेला सेल चार्जिंगला लावू नका. आत लिथियम धातूचा थर बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही. तंबूत आणा, कोमट होऊ द्या, मग पॉवर बँक जोडा.
घाटकोपर आलं, उतरतो.

सुगरण_मुलुंड
खोबरेलचं अगदी अगदी. आमच्याकडे बाटली गॅसच्या शेगडीजवळ ठेवतात. सासूबाई म्हणतात उन्हात ठेव, पण ऊन खिडकीत येतं कधी? समोर तीस मजली टॉवर झालाय.

निफाडची_द्राक्षं
सुगरणताई, रुंद तोंडाच्या बरणीत ओता, चमच्याने निघतं.

घाटातला_पंक्चर
३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब सायकलफेरी, केलेल्यांना माहीत असेल. २० तासांत संपवायची म्हणजे रात्र आलीच, आणि पुढचा-मागचा दिवा नसेल तर बाद. कसारा चढताना घाम, इगतपुरीला पोचेपर्यंत दात वाजतात. माझा पुढचा दिवा ठीक होता, मागचा मंद पडला. त्यात बटणासारखा सेल होता, सीआर २०३२. मुळातच जास्त करंट देऊ शकत नाही तो, गारठ्यात आणखी लाजतो. आपण पुढे बघत असतो त्यामुळे मागचा विझला तरी पत्ता नसतो, हेच वाईट. पाठीमागून येणाऱ्या पोराने ओरडून सांगितलं. तेव्हापासून मागे दोन दिवे, वेगवेगळ्या सेलचे.
इगतपुरीत वडापाव मात्र गरम मिळाला.

लेहवारी
पेन्सिल सेलचे दिवे असतील तर साध्या अल्कलाइनवर डोंगरात भरवसा नको. आतलं द्रावण पाण्याचं, उणे २० ला निम्मासुद्धा दम उरत नाही. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड त्याहून बरे. लिथियमचे एकदा वापरायचे पेन्सिल सेल उणे ४० पर्यंत चालतात, पण किंमत बघून आपल्यालाच हुडहुडी भरते. मी बॅटरी जॅकेटच्या आत आणि वायर बाहेर, असा दिवा वापरते.

वरळीचा_वारा
मला हा सगळा धागाच उलटा वाटतो, राग नसावा. मुंबईकराच्या बॅटरीला थंडी मारत नाही, मे महिना मारतो. थंडीतली घट तात्पुरती, उन्हातली कायमची. बंद गाडीत किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत, तेही फुल चार्ज करून दिवा ठेवला की दोन-तीन उन्हाळ्यांत सेल म्हातारा. वर समुद्राची हवा. आमच्याकडे चार्जिंगच्या भोकाला हिरवा गंज चढतो, रबरी झाकण नावालाच.

जुना_दादरकर
मग फ्रीजमध्ये ठेवावा का?

वरळीचा_वारा
काका, नको. बाहेर काढला की आपल्या दमटपणात त्यावर पाणी धरतं. अर्धा चार्ज करून कपाटात ठेवा, पुष्कळ झालं.

सुगरण_मुलुंड
आमच्या ह्यांनी ठेवलेत फ्रीजमध्ये! कोथिंबिरीच्या डब्याशेजारी! हे वाचून दाखवते आता.

घाटातला_पंक्चर
हसून हसून पुरेवाट. निकाल कळवा.

व्होल्टमीटर
घरी पोचलो. वरळीकरांना अनुमोदन. आणखी एक, फुटपाथवर ९९०० एमएएच क्षमता छापलेले '१८६५०' आकाराचे, दिव्यात बसणारे लिथियम-आयन सेल मिळतात. त्या आकारात चांगल्या कंपनीच्या सेलचीही साधारण साडेतीन हजारांपर्यंतच क्षमता असते. असला सेल लोणावळ्यात विझला की लोक थंडीला बोल लावतात.

निफाडची_द्राक्षं
९९०० वाला माझ्याकडे आहे. निफाडात मे महिन्यातही विझतो.

लेहवारी
रविवारी आरेत कोण कोण येतंय? पहाटफेरी, तुमचे ते आत लोकर असलेले हातमोजे कुठून घेतले?

पहाटफेरी
मनालीच्या बाजारातून. साडेपाचला पिकनिक पॉइंटला भेटू. इडलीवाला सहानंतर येतो, तोवर घरून काहीतरी खाऊन या.

सुगरण_मुलुंड
निकाल: सेल कपाटात, हे फुगून बसलेत.