टोमॅटो लाल व्हायचं नाव घेत नाहीत, तुमचे अनुभव सांगा

गच्चीवर तीन कुंड्या आहेत, पुण्यात. टोमॅटो लिंबाहून मोठे होऊन तीन आठवडे झाले तरी हिरवेगार, ढिम्म. रोज चहाचा कप घेऊन बघायला जाते तर सासूबाई म्हणतात तूच नजर लावतेयस त्यांना. तुम्ही काय करता? फसलेलं पण लिहा.

~ ताई, दम धरा. फळ धरल्यापासून पिकायला सहज दीड-दोन महिने लागतात. मी शेंडे खुडते, म्हणजे नवीन फुलोऱ्यात जोर जात नाही.

~ आमच्या नागपुरात एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर, फळं पिवळट नारिंगीच राहायची, मी दुकानदाराला शिव्या घातल्या की बी भलतंच दिलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. ३० अंशांच्या वर लाल रंग, ते लायकोपीन, नीट बनतच नाही, पिवळा तेवढा बनत राहतो. आता बुडाशी जरा गुलाबी झाक आली की तोडतो आणि घरात गार जागी ठेवतो, चार-पाच दिवसांत मस्त लाल. चवीत फरक म्हणाल तर मला तरी कळत नाही, आणि बुलबुल पण चोच मारत नाहीत हा बोनस.

~ इकडे इंग्लंडमध्ये उलटी बोंब, ऑक्टोबर आला की गारठा आणि झाडावर पन्नास हिरवे. पहिल्या वर्षी खिडकीत उन्हात मांडून ठेवले, नुसते सुरकुतले. पिकायला ऊन नाही, ऊब लागते हो! आता खोक्यात पेपर घालून एकेक सुटा ठेवते, सोबत पिकलं केळं, त्याच्यातून इथिलीन वायू निघतो. पण एक दिवसाआड उघडून बघायचंच, एक नासला की शेजारचे गेले. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, पिकणं तिथेच थांबतं.

~ आमची आजी आंब्याची अढी घालायची तसं मी तांदळाच्या डब्यात खुपसले आणि विसरलो. वासाने आठवण झाली. आईने तांदळासकट डबा माझ्या हातात दिला, बोलली काही नाही.

~ अगदीच पोपटी, कडक असतील तर नाद सोडा, ते केळ्याला पण दाद देत नाहीत. मिरची, लसूण, दाण्याचं कूट, चटणी करा.

सगळ्यांना थँक्यू! झाक आलेले दोनच सापडले, केळ्यासोबत ठेवलेत. केळं मुलाने खाल्लं. दुसरं आणलंय.