ड्राइव्ह-वेवरचे डाग काढायला सरसकट अ‍ॅसिड मारू नका. तुमचं मत काय?

घोडबंदरवासी
आमच्या सोसायटीत गेटपासून पार्किंगपर्यंत ट्रिमिक्स काँक्रीट आहे. त्यावर तीन तऱ्हेचे डाग पडलेत. बागेच्या खताची पोती पावसात भिजली, तिथे नारिंगी ओघळ उतरलेत. गाड्यांखाली इंजिन ऑइलचे काळे डाग आहेत. जनरेटर रूमसमोर बॅटरीचं पाणी सांडलं होतं, तिथे पांढुरका, खरखरीत पट्टा उमटलाय. कमिटीचं म्हणणं, गणपतीच्या आधी एकाच दिवसात सगळीकडे अ‍ॅसिड मारून घ्यायचं. कोटेशनही आलंय.

माझा ठाम विरोध आहे. काँक्रीटवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पडलं की फसफसून फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं डाग निघतोय. प्रत्यक्षात सिमेंटमधला चुना विरघळत असतो. वरची कातडी गेली की तिच्याबरोबर डागही फिका होतो, इतकंच. ट्रिमिक्समध्ये व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून, पॉवर ट्रॉवेल फिरवून वरचा थर मुद्दाम घट्ट केलेला असतो. त्याचे पैसे आपण मोजलेत. तोच थर खरवडला की वाळू सुटणार, खडी दिसायला लागणार, आणि पुढच्या वेळी सांडलेलं तेल आणखी खोल मुरणार.

साइट_सुपरवायझर
साहेब, तुम्ही उगाच घाबरवताय. आमच्या लाइनमध्ये अ‍ॅसिड वॉश रोजचा आहे. टाइल्सवर सांडलेला माल, सिमेंटचे शिंतोडे, पांढरे क्षार, हे सगळं त्यानेच निघतं. करायची पद्धत मात्र ठाऊक हवी. आधी जमीन पाण्याने चिंब करायची, म्हणजे अ‍ॅसिड आत शोषलं जात नाही. एक भाग अ‍ॅसिड, दहा भाग पाणी, आणि अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. काही मिनिटं ब्रश मारून भरपूर पाण्याने धुवायचं. एवढं केलं तर काँक्रीटला फारसं काही होत नाही. तुम्ही वर्णन करताय तो प्रकार बाटली थेट उपडी करणाऱ्यांचा आहे. चुकीच्या हातांमुळे मालाला बदनाम करू नका.

घोडबंदरवासी
दादा, सिमेंटच्या शिंतोड्यांवर अ‍ॅसिड चालतं हे मान्यच. ते शिंतोडे सिमेंटचेच असतात, म्हणून तर विरघळतात. पण इंजिन ऑइलला अ‍ॅसिड काय करणार? तेल तसंच राहतं, त्याच्या आजूबाजूचं काँक्रीट झिजतं. आणि आमच्या ड्राइव्ह-वेचा अर्धा भाग पोडियम स्लॅबवर आहे, खाली बेसमेंट पार्किंग. हायड्रोक्लोरिकमधलं क्लोराइड भेगांतून आत उतरलं की सळईला गंज चढतो. त्या स्लॅबला आधीच गळती आहे.

कोपरखैरणेकर
मी दोघांच्याही विरोधात. पार्किंग आहे ते, दिवाणखाना नाही. गाड्या उभ्या राहणार तिथे डाग पडणारच. तेवढ्याच पैशांत गळका पाइप दुरुस्त होतो, लिफ्टचं काम होतं. आमच्या सेक्टरमध्ये एका सोसायटीने हौसेने सगळं घासून घेतलं, वर कोटिंग मारलं, आणि पहिल्याच पावसात रॅम्पवरून स्कूटर घसरायला लागल्या. डागांमुळे कुणी पडत नाही. राहू द्या तसेच.

नेरूळची_वाचक
कोपरखैरणेकर, तेलाचा डाग ओला झाला की त्यावरूनही माणूस घसरतो. आमच्याकडे आजी-आजोबा सकाळी ड्राइव्ह-वेवरच फेऱ्या मारतात. त्यामुळे तेल काढायलाच हवं.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. हे काम करणार कोण? हाउसकीपिंगच्या मावशी, पायात साधी चप्पल, तोंडाला ओढणी. फेस कमी आला की कुणीतरी वरून ब्लीचिंग पावडर टाकायला सांगतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बेसमेंटच्या तोंडाशी तो जड वायू खाली साचतो. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, ओळखपत्र आणि नोंदवहीची अट आली. तरी सोसायटीच्या जिन्याखाली लेबल नसलेल्या बाटल्या सापडतातच. शिवाय धुतलेलं पाणी पावसाळी गटारात जातं, तिथून खाडीत. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. आपण तिथे हौसेने फोटो काढायला जातो.

साइट_सुपरवायझर
ताई, हातमोजे, गमबूट, गॉगल हवेतच, त्यावर वादच नाही. ब्लीचचं तर मी माझ्या माणसांना बजावून ठेवतो. पण बोलणं सोपं आहे. अ‍ॅसिड नको तर डाग काढायचे कशाने, ते कुणीतरी सांगा.

रंगद्रव्य_बेलापूर
मी सांगते. केमिस्ट्री शिकवते, म्हणून थोडं सविस्तर.

तेलासाठी लेप लावा. पेंटरच्या दुकानातली व्हायटिंग पावडर धुण्याच्या सोड्याच्या दाट पाण्यात कालवा, श्रीखंडाइतकं घट्ट. आधी डाग गरम पाणी आणि डिटर्जंटने घासून घ्या, मग बोटाच्या पेराएवढ्या जाडीचा थर द्या, वर प्लॅस्टिक अंथरा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. सुकताना तो तेल वर ओढतो आणि पिवळा-तपकिरी पडतो. खरवडून कचऱ्यात टाका, गटारात नको. जुन्या डागाला हे पुन्हा करावं लागतं. डाग ताजा असेल तर आधी लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या.

खताचे नारिंगी ओघळ म्हणजे लोह. काही खतांत फेरस सल्फेट असतं, ते पाण्याबरोबर काँक्रीटच्या छिद्रांत शिरतं आणि तिथेच गंजतं. यावर ब्लीच अजिबात नको, त्याने गंज निघत नाही. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरा, लिटरभर पाण्यात साधारण १०० ग्रॅम. ते लोहाला धरून पाण्यात विरघळवतं. तेही विषारी आहे, म्हणून हातमोजे हवेतच आणि लहान मुलं, कुत्री-मांजरं दूर हवीत. याचा लेप करायचा तर व्हायटिंग घालू नका, ती चुनखडीच असते, अ‍ॅसिड तिच्यावरच खर्ची पडेल. टाल्कम चालेल.

बॅटरीचा पांढरा पट्टा मात्र कशानेच निघणार नाही, कारण तो डाग नाहीच. सल्फ्युरिक अ‍ॅसिडने तिथल्या चुन्याचं जिप्सम केलंय, पृष्ठभाग खाल्ला गेलाय. आत अ‍ॅसिड उरलं असेल म्हणून खाण्याच्या सोड्याचं पाणी टाका, फसफसणं थांबेपर्यंत. मग तेवढाच भाग ग्राइंडरने घासून पॅच मारा. तिथे आणखी अ‍ॅसिड ओतणं म्हणजे झालेलं नुकसान वाढवणं.

कोपरखैरणेकर
हे सगळं करायला माणसं आणि वेळ कुठून आणायचा? कंत्राटदार एका दिवसात मोकळा होतो. तुमचे लेप आठवडाभर पडून राहणार, तोवर गाड्या कुठे लावायच्या?

रंगद्रव्य_बेलापूर
सगळा ड्राइव्ह-वे अडवायची गरजच नाही. लेप फक्त डागावर बसतो. ज्यांच्या गाडीखाली डाग आहे त्यांनी तेवढे दिवस गाडी बाजूला लावायची. आणि ज्यांची गाडी गळते त्यांनी ऑइल सील बदलून घ्यावं, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. याबाबत कमिटी कुणाला काही बोलत नाही, माझा खरा राग तिथे आहे.

साइट_सुपरवायझर
लेपाचं पटलं. बॅटरीच्या पट्ट्याचंही पटलं, तिथे मीही अ‍ॅसिड मारणार नाही. पण गेटजवळ सिमेंटचे जुने थर चिकटलेत असणार, कारण प्रत्येक सोसायटीत ते असतात, आणि तिथे पातळ अ‍ॅसिडच लागतं. पोडियमवर नको, जमिनीवरच्या भागात चालेल. कंत्राटदाराला तेवढंच काम लिहून द्या.

घोडबंदरवासी
गेटजवळचा भाग जमिनीवरच आहे. तरी आधी कोपऱ्यात फूटभर जागेवर करून बघू, आणि सुकल्यावर बोटाने घासून वाळू सुटते का ते पाहू. कोटेशन तीन भागांत तोडून मागतोय. उरलेल्या पैशांत ऑक्झॅलिक आणि हातमोजे सहज येतील. सेक्रेटरींना आजच पत्र देतो.

कोपरखैरणेकर
द्या. पण पत्रात गळणाऱ्या गाड्यांचे पार्किंग नंबरही लिहा. ते लिहिणार नसाल तर माझं मत तेच आहे, डाग राहू द्या.