मदत हवी आहे : हलक्या पेल एल बिअरचा ताजेपणा कसा ओळखायचा?

मंडळी, मी म्हापशाचा. पुढच्या आठवड्यात पुण्याहून भावजी येताहेत. त्यांना साडेचार टक्क्यांच्या आत अल्कोहोल आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) भरपूर वास असलेली क्राफ्ट, म्हणजे छोट्या ब्रुअरीतली, पेल एल चाखवायची आहे.

अडचण अशी की एकाच ब्रँडचे कॅन दोन दुकानांतून आणले, तर एकात सिट्रा जातीच्या हॉप्सचा मोसंबी-लिंबासारखा झकास गंध आणि दुसऱ्यात नुसता कडवटपणा, वर ओल्या पुठ्ठ्याचा वास. उष्णतेने हॉप्सचा सुगंध उडतो आणि ऑक्सिडेशनने (बिअरचा ऑक्सिजनशी संयोग होऊन) पुठ्ठ्याचा वास येतो, हे मला माहीत आहे. हलक्या एलमध्ये माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) भरणा कमी, त्यामुळे असा दोष लपतच नाही. आपल्या दमट उकाड्यात तर विचारूच नका.

तर जाणकारांनो, पॅकिंगच्या तारखेपासून किती आठवड्यांपर्यंतचा कॅन घ्यावा? म्हापसा-पणजी भागात माल सुरुवातीपासून फ्रिजमध्येच ठेवणारं दुकान कुठलं? मी सात-आठ अंशांवर, ग्लासात ओतून देणार आहे. त्याहून थंड केली की वास दबतो असं माझं मत. सोबत रेशाद (तिखट-आंबट लाल मसाला) भरलेला बांगडा ठेवावा का? कडवटपणाने तिखट जास्तच झोंबतं, म्हणून मी साध्या रवा फ्रायकडे झुकतोय. अनुभव असेल त्यांनी नक्की सांगा.